इनासकाकांची शाल

आता काय सांगू तुम्हाला! माणसाला कामावरून काढायचं तर लोक नोटीस देतात, भांडण उकरून काढतात. मी आमच्या गाळ्यातल्या सगळ्यात कसबी माणसाला टाळ्या वाजवून घरी पाठवला. वर पेढेही वाटले!

हसा, पण हातातला चहा सांभाळा.

वसई पूर्वेला आमच्या शेठचा बिजागऱ्या बनवायचा गाळा आहे. तिथे माझा दादा मॅनेजर होता. चार महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. त्याच्या चपला अजून दाराशी आहेत. आई उचलू देत नाही. आणि खरं सांगू? मीही उचलायला जात नाही. जाऊ दे, हा हसायचा किस्सा आहे.

शेठने दादाची खुर्ची मला दिली. मला! सातवीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तिथेच बसून राहिलो. तोवर गाळ्याचा टेम्पो चालवत होतो. शेठ म्हणाला, "पक्या, एक महिना बघतो. शेवटच्या शनिवारी सहा वाजता मोठी ऑर्डर टेम्पोत भरलेली दिसली, तर खुर्ची तुझी. नाहीतर परत टेम्पो."

मला ती खुर्ची हवीच होती. फोनवर बोलता बोलता दादाने तिच्या हातावर पेनाने रेघा मारून ठेवल्यात. तिथे दुसरं कोणी बसलेलं मला बघवलं नसतं.

पण मॅनेजर म्हणजे करायचं काय? ड्रॉवरमध्ये दादाची वही सापडली. रविवारी तो मॅनेजर लोकांच्या क्लासला जायचा, तिथलं लिहून आणलेलं. मी बोट ठेवून ठेवून पहिलं पान वाचलं. चांगल्या कामाचं कौतुक चार माणसांत करावं. एकाच माणसावर काम अडू देऊ नये. तरुणांना पुढे आणावं.

बस्स! तीन गोष्टी. एका दिवसात उरकून टाकतो, म्हटलं. पान उलटायचा धीर कोणाला?

कौतुक कोणाचं करायचं, हा प्रश्नच नव्हता. इनासकाका! भुईगावचे. पंचवीस वर्षं प्रेस मशीनवर. बिजागरीचा साचा, म्हणजे डाय, मशीनमध्ये बसवावी तर काकांनीच. डाय केसभर हलली की माल वाया. त्यांच्या हाताखाली तरुण दिलीप.

तर त्या शेवटच्या शनिवारी सकाळी मी वसईच्या बाजारातून शाल आणली, नारळ आणला, पेढे आणले. फोटोवाल्यालाही बोलावला. करायचं तर दणक्यात!

साडेअकराला मशीनी थांबवल्या. सगळे जमले. मी काकांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि भाषण ठोकलं. "इनासकाकांनी या गाळ्याला पंचवीस वर्षं दिली. त्यांचे उपकार आपण विसरणार नाही. आता तरुणांनी पुढे यावं. दिलीप, काकांचं काम आता तू सांभाळायचं!"

टाळ्या! दिलीप रडायला लागला. त्याच्या शेजारचा रडायला लागला. काकांनी शाल सावरली. कसेबसे म्हणाले, "तुझा दादा असता तर…"

झालं, मीही रडलो. चार महिन्यांत एवढा रडलो नव्हतो. मनात म्हटलं, दादा, बघ तुझी वही काय कमाल करते!

काकांनी मग खिशातून आपला पाना काढून माझ्या हातात ठेवला. मला वाटलं, आशीर्वाद! मी तो कपाळाला लावून दादाच्या फोटोपुढे ठेवला. काकांनी हात धुतले, मशीनवरून एकदा हात फिरवला, डबा उचलला आणि निघाले. मी दारातून हात हलवला. म्हटलं, जाऊ दे, आजच्या दिवशी अर्धी सुट्टी. मॅनेजरचं मन कसं मोठं असावं!

तीन वाजता मोठ्या बिजागरीची डाय बसवायची होती. दिलीपने बसवली. पहिला माल निघाला तो बिजागरी कमी आणि जिलबी जास्त.

"पक्या," दिलीप घाम पुसत म्हणाला, "काकांच्या जागी नवा माणूस कधी येणार?"

"काकांच्या जागी? कशाला?"

"अरे, तू त्यांना रिटायर केलंस ना!"

"कोण म्हणालं?"

"तूच! शाल, नारळ, फोटो, उपकार विसरणार नाही! राहणाऱ्या माणसाला कधी कोणी शाल दिलीय या गाळ्यात?"

मी बाहेर धावलो. दादाची स्कूटर तिरकी करून सुरू केली आणि पूल ओलांडून थेट भुईगाव गाठलं.

काकांच्या वाडीत शिरलो तर दारातच सेलिनमावशी, काकांची बायको. हातात विळा.

"आलास? अजून चार वर्षं बाकी होती माझ्या नवऱ्याची! काय चुकलं रे त्यांचं?"

"मावशी, मी कौतुक केलं हो त्यांचं!"

"असलं कौतुक तुझ्या शेठचं कर!"

काका विहिरीच्या कठड्यावर बसले होते. भर उन्हात अंगावर शाल तशीच. केळीला पाणी सोडलेलं, ते वाट सोडून भलतीकडेच चाललेलं.

"पक्या, हात थरथरतो का रे माझा? खरं सांग."

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि शर्टात खोचलेली वही काढून दिली. "यात होतं तेच केलं, काका. दादाने लिहिलंय."

काकांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं. मग, जे मी महिनाभरात केलं नव्हतं ते केलं. पान उलटलं. वाचलं आणि असे हसले, असे हसले, की मावशी विळ्यासकट धावत आली.

"वाच, गधड्या. मोठ्याने वाच."

दादाचं अक्षर. मी बोट ठेवून वाचलं. "कौतुक माणूस बघून करावं. इनासकाकांना सत्कार-बित्कार नको. साडेदहाला चहा आपण स्वतः नेऊन द्यावा."

"तुझा दादा रोज द्यायचा," काका म्हणाले. "तू घंटी वाजवून स्वतःपुरता मागवतोस."

मला पुढचं अक्षर दिसेना. काकांनी माझ्या टाळक्यात एक टपली मारली. "रडतोस काय? सहाला ऑर्डर आहे ना? ऊठ! सेलिन, याचा नारळ परत दे, शाल मी गाळ्यात देतो."

"शाल घेऊन जा," मावशी म्हणाली. "नारळ गेला कालवणात."

काका स्कूटरवर मागे बसले, मांडीवर कालवणाचा डबा. शाल वाऱ्यावर अशी फडफडत होती की रस्त्यातले लोक वळून बघत होते. गाळ्यात शिरताच काकांनी दादाच्या फोटोपुढचा पाना उचलला, फोटोला म्हणाले, "घेतो रे," आणि वीस मिनिटांत डाय बसवली. दिलीपला शेजारी उभा करून, एकेक बोल्ट दाखवत. मग मशीन असं धडधडलं की विचारू नका. सहाला पाच कमी असताना शेवटची पेटी टेम्पोत चढली आणि सहाला शेठची गाडी आली.

शेठने टेम्पो बघितला, मान डोलवली. मग त्याची नजर काकांच्या शालीवर गेली. "हे काय? सत्कार कुणाचा?"

मी टेम्पोमागे सरकलो. काका शांतपणे पुढे आले, स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि माझ्या खांद्यावर घातली.

"आमच्या नव्या मॅनेजरचा, शेठ."

शेठने माझ्याशी हात मिळवला. दिलीपने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. फोटोवाला सकाळचे फोटो द्यायला आला होता, त्यानेही एक काढून घेतला.

खांद्यावर शाल, कानावर टाळ्या, समोर फोटोवाला. सकाळी काकांचं अगदी असंच झालं होतं!

मी शेठचा हात सोडलाच नाही. रडवेल्या तोंडाने विचारलं, "शेठ… सोमवारी येऊ ना?"