बारका हाय, बसा

साताऱ्यात राहून मी एक लायब्ररी सांभाळतो. पुस्तकांची नव्हे. भूकंपमापक यंत्राची नोंद वाचून पडद्यावर रेघ काढणारा, कुणीही फुकट वापरावा असा तो तयार कोड आहे. त्याचा जन्म कोयनानगरचा. तिथल्या शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी चुंबक आणि तारेचं वेटोळं घेऊन एक यंत्र जुळवलं होतं. कॉलेजच्या सुट्टीत मी त्याच्यासाठी पहिला कोड लिहिला. पुढे कुठकुठले लोक तो वापरू लागले, आणि मी नोकरी करून उरलेल्या वेळात त्याचा बिनपगारी राखणदार झालो.

राखणदाराचं सगळ्यात नकोसं काम म्हणजे जुनं काढून टाकणं. निवृत्तीनंतर सरांनी घरी नेलेल्या त्या यंत्राची फाईल वाचणारा तो पहिला भागच आता धोक्याचा झाला होता. कुणी मुद्दाम बिघडवलेली फाईल दिली, तर त्या वाटेनं दुसऱ्याच्या संगणकात शिरता येत होतं. दुरुस्त करून पाहिलं. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं. शेवटी तो भाग बंद करायचं ठरवलं. एकदम नाही, रीतसर. प्रत्येक रिलीजमध्ये, म्हणजे नव्या आवृत्तीत, पिवळ्या अक्षरांत इशारा दिला : हा भाग जाणार आहे. त्याखाली मराठीत एक ओळ टाकली : ‘सर, मला फोन करा.’ साऱ्या जगात त्या ओळीचा वाचक एकच होता.

फोन आला नाही. दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा विचारलं, “सर, ती पिवळी ओळ दिसते ना?”

“दिसती की,” म्हणाले आणि चिवड्याची ताटली पुढे सरकवली.

मी निर्धास्त झालो. पुढच्या रिलीजमध्ये तो भाग काढला. मग सरांचा फोन आला. “रेघ येत न्हाई रं.”

कोयनानगरला पोचेपर्यंत मी नुसता धुमसत होतो. माणसानं आणखी किती सांगायचं? दारात चपला काढता काढताच बोललो, “सर, वर्षभर सांगतोय. तुम्ही वाचलं नाही का?”

“वाचलं की. रोज यायचं. बारकं हाय म्हणलं.”

मीही कोयनेच्या त्याच वसाहतीत वाढलोय. धक्क्यानं भांडी वाजली की घरातलं कुणीतरी म्हणायचं, “बारका हाय, बसा,” आणि आम्ही हातातला घास तोंडात घालायचो. रोज हलणाऱ्या जमिनीवरच्या माणसाला मी रोजचा इशारा देत बसलो होतो.

“परत जोड की त्यो भाग,” सर म्हणाले.

मी फटीचं सांगितलं. जुनी प्रत बसवून दिली असती, पण सरांची रेघ नेटवरून शाळेच्या पडद्यावर जाते. ती फट तिथल्या संगणकांतही उघडी राहिली असती. नवं यंत्र आणून देतो म्हणालो. सरांनी कोपऱ्यातल्या त्या वेटोळ्याकडे पाहिलं. “आणि ह्येचं काय करू?” माझा राग कधीच उतरला होता. आता नुसतं वाईट वाटत होतं. जे चालावं म्हणून हा सगळा उद्योग सुरू झाला, तेच मी बंद पाडून बसलो होतो, आणि तरीही माझा निर्णय बरोबर होता.

तेवढ्यात फडताळातली भांडी किणकिणली. खाट हलली. आम्ही दोघंही उठलो नाही.

“अडीच,” सर म्हणाले. हा त्यांचा जुना नाद. आधी धक्क्याच्या तीव्रतेचा अंदाज बोलून दाखवायचा, मग रेघ बघून आपण किती चुकलो ते ताडून बघायचं. निवृत्तीनंतर दिवसभरात त्यांना तेवढीच एक गंमत उरली होती. सवयीनं ते पडद्याकडे वळले. पडदा कोरा होता. मग ते माझ्याकडे वळले.

“बरोबर आला का रं?”

शाळेत असताना त्यांनी विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, असं फार वेळा झालं होतं. तेव्हा ते स्वतः उत्तर सांगायचे.