फरीदाबादमधली समुद्राची तालीम

एका रविवारी जेवताना बाबांनी जाहीर केलं, की पिल्लाला समुद्र मानवला तर ते त्याला घेऊन कायमचे गावी जाऊन राहतील. काकांचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, आपली खोली अजून तशीच ठेवलेली आहे, आणि दिल्लीची हवा आता माणसांनी घेण्यासारखी राहिलेली नाही, असं सगळं एका दमात सांगून ते ताक प्यायले. मी त्यांच्या पेल्यात आणखी ताक ओतलं.

पिल्लू तेव्हा टेबलाखाली त्यांचा मोजा कुरतडत होतं. आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत बंद पडलेल्या एका गाडीखाली, पावसाळ्याच्या शेवटी शेवटी ते जन्मलं. त्याच्या भावंडांना घरं मिळाली, हे एकटं उरलं, म्हणून मी उचलून आणलं. बाबा म्हणाले होते, "कुत्रं आत आलं तर मी बाहेर." आठवडा झाला नाही तोच ते त्याला मांडीवर घेऊन टीव्हीवरच्या बातम्या समजावून सांगायला लागले. नावाबद्दल आमचं एकमत होईना, तेव्हा पिल्लू ते पिल्लूच राहिलं.

बाबा कोकणातले. केंद्र सरकारची नोकरी लागली म्हणून विशीत दिल्लीला आले आणि सगळी उमेदीची वर्षं त्यांनी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. मी लग्न केलं नाही, तेव्हा घरात आम्ही दोघंच. पण इतकी वर्षं दिल्लीत काढूनही समुद्र ही आपली घरची मालमत्ता असल्यासारखं ते बोलतात. रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभं राहून तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, आणि गावाला भरती किती वाजता ते काढायचं, हा त्यांचा नेम. मग बाल्कनीत जाऊन, समोरच्या फ्लायओव्हरकडे बघत म्हणायचं, "आता पाणी पार वर आलं असेल." एकदा शेजारच्या आंटींनाही त्यांनी ही बातमी दिली. आंटी म्हणाल्या, "अच्छा अंकलजी? हमारी टंकी में तो सुबह से नहीं आया."

ते गेले तर मला फार एकटं वाटेल, हे मला त्या रविवारीच कळलं होतं. पण ज्या माणसाला आयुष्यभर नोकरीच्या हुकमानं आणि नंतर मुलीच्या सोयीनं राहावं लागलं, त्याला आता तरी कोणी अडवू नये, असंही वाटत होतं. म्हणून मी तोंड मिटलं आणि पिल्लाच्या शिक्षणाला लागले. करायचंच तर नीट करावं.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी सगळ्या लशी पुऱ्या करायला सांगितल्या. मग समुद्राच्या सूचना दिल्या. पिल्लाला उचलून पाण्यात टाकायचं नाही, त्याच्या पायांनी जाऊ द्यायचं. लांब दोरी बांधलेली हवी. खारं पाणी पिऊ द्यायचं नाही, पिण्याचं पाणी बरोबर न्यायचं. वाळूला आधी आपल्या हाताची पाठ लावून बघायची, आपल्याला चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणार. थोडाच वेळ न्यायचं, आणि घरी आल्यावर धुऊन कान कोरडे करायचे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हाक मारली की परत आलं पाहिजे, त्याशिवाय जायचंच नाही.

बाबा हे सगळं ऐकून घरी येईपर्यंत हसत होते. "आम्हाला कोणी हाताची पाठ लावली होती? माझ्या मामानं मला उचललं आणि टाकलं. बाहेर आलो तो पोहतच आलो."

"पिल्लाला कोणी टाकणार नाही," मी म्हणाले.

"बिल्कुल नाही. मी आपलं सांगितलं."

तालीम सुरू झाली. फरीदाबादला समुद्र नसला तरी बांधकामांना तोटा नाही. सोसायटीच्या मागे रेतीचा ढीग कायमचाच पडलेला असतो. त्याच्यावर पिल्लू चालायला शिकलं, आणि वाळू खायलाही. मोबाइलवर लाटांचा आवाज लावून ठेवला की ते गाढ झोपायचं. संध्याकाळी मी बाल्कनीत प्लास्टिकच्या टबात चार बोटं पाणी घ्यायची आणि बाबा ताटानं लाटा काढायचे. पिल्लू लाटेला घाबरत नव्हतं, त्याचं वैर फक्त ताटाशी होतं. जरा जोराची लाट आली की पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर जायचं आणि मग खालून खरी गर्जना ऐकू यायची.

हाकेचं मात्र घोडं अडलं. आपल्या माणसांचं एक विचित्र असतं. आपसांत मराठीत बोलतील, पण कुत्र्याकडे वळली की 'सिट', 'नो', 'बैठ'. बाबांना ते मंजूर नव्हतं. "हा गावी राहणार, ह्याला मराठीच आली पाहिजे," असं म्हणून ते बागेत उभे राहायचे आणि "ये रे, ये" करायचे. पिल्लू त्यांच्याकडे प्रेमानं बघत जागेवर बसून राहायचं. बागेतला माळी, गेटवरचा गार्ड, आंटी, सगळे "आजा आजा" म्हणत, आणि त्यांच्याकडे ते धावत सुटे. बाबा म्हणायचे, बिस्किटाच्या लोभानं जातं. त्यांच्या स्वतःच्या खिशातही बिस्किटंच असायची.

पोहण्याचं जाकीट आणायला आम्ही सरोजिनी नगरच्या बाजारात गेलो. कुत्र्याचं मिळालं नाही, लहान मुलांचं, बदकांची चित्रं असलेलं मिळालं. दुकानदारानं विचारलं, "बच्चा कितना बड़ा है?"

"पाँच महीने का," बाबा म्हणाले.

दुकानदार माझ्याकडे वळला. "मैडम, इतने छोटे को पानी में मत उतारो."

"चिंता मत करो," बाबांनी त्याला धीर दिला. "तैरने वालों के खानदान का है."

निघायचा दिवस बाबांनी ठरवला. ऑफिसात माझ्या रजेवरून ओढाताण चालली होती, मी म्हटलं आठवडाभर नंतर जाऊ, तर ते हट्टाला पेटले. का, ते मला नंतर कळलं. पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला उधाण असतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे पाण्याला जोर कमी. मामानं फेकल्याच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसानं कॅलेंडर बघून पिल्लासाठी गरीब समुद्र निवडला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "योगायोग."

राजस्थान आणि गुजरात ओलांडून, मुक्काम करत करत आम्ही गाडीनं गावी पोचलो. पिल्लाला थंडीचा स्वेटर घातलेला होता, तो काढायचं प्रवासाच्या गडबडीत राहूनच गेलं. अंगणात घामाच्या धारा लागलेल्या असताना स्वेटरमधलं कुत्रं गाडीतून उतरलं. काका बाबांचे धाकटे भाऊ, त्यांची जीभ लहानपणापासून सैल. ते आधी पिल्लाकडे बघून, मग बाबांच्या हाफ जॅकेटकडे बघून म्हणाले, "दादा, दोघेही दिल्लीवाले दिसताय हो."

दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायचं ठरलं आणि आमचं भांडण झालं. सकाळी वाळू गार असते म्हणून मला सकाळी जायचं होतं. बाबा म्हणाले, सकाळी पाणी उतरत असतं, उतरतं पाणी आत ओढतं, दुपारी चढायला लागलं की जाऊ. दुपारी वाळू तापते, मी म्हणाले. पडवीत दोघंही आपापला मुद्दा सोडेनात. काका सुपारी कातरत म्हणाले, "ह्या गावातली कुत्री कोणाला विचारून जातात काय गो?" शेवटी चार वाजून गेल्यावर, पाणी चढतं आणि वाळू निवलेली, अशा वेळेवर तह झाला.

पहिल्या दिवशी पिल्लानं समुद्र लांबूनच पाहिला. ते बसलं, मान तिरकी केली आणि भुंकलं. समुद्र थांबला नाही. पुन्हा भुंकलं. मग बराच वेळ त्याच्याकडे पाठ करून बसलं, अपमान झाल्यासारखं. मला हसू आवरेना. पण खरी मजा बाबांची होती. फरीदाबादच्या बाल्कनीत लाटांवर हुकूम चालवणारा हा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोरी दोन्ही हातांत धरून ओल्या वाळूच्या अलीकडेच उभा होता आणि पिल्लाला पुढे जाऊ देत नव्हता.

"बाबा, त्याच्या पायांनी जाऊ दे म्हणाले होते डॉक्टर."

"जाईल ना. आज ओळख झाली. पुरे."

"तुमच्या मामांनी काय केलं असतं?"

"मामाला अक्कल नव्हती," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पिल्लाचे पाय भिजले. तिसऱ्या दिवशी काकाही बरोबर आले. मी डब्यातून पिण्याचं पाणी काढत होते आणि दोरी बाबांच्या हातात होती. एक खेकडा तुरुतुरु पळाला, पिल्लू त्याच्यामागे सुटलं आणि हिसक्यानं दोरी निसटली. खेकडा पाण्याकडे, त्याच्यामागे बदकांचं जाकीट, आणि समोरून एक लाट. लाट काही मोठी नव्हती, पण पिल्लू तिच्यात दिसेनासं झालं. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आजा! अरे आजा बेटा, आजा, आजा!"

पिल्लू फेसातून वर आलं, कान हलवले आणि सरळ बाबांकडे धावत आलं. बाबा ओल्या वाळूत बसले, त्याला पोटाशी धरलं. पिल्लू खारं पाणी प्यायलं होतं, ते त्यांच्या शर्टावर ओकलं. मी डबा पुढे केला. ते गोडं पाणी घटाघट प्यायलं आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं. काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दादा, समुद्र मराठी आहे हो आपला." बाबा पिल्लाचे कान पुसत राहिले. मी त्या दिवशी त्यांना चिडवलं नाही.

त्यानंतर पिल्लाला कोणी काही शिकवायचं उरलं नाही. ते आपण होऊन पाण्यात जायचं, पोटापर्यंत फेस आला की चारी पाय मारायचं, हाक आली की परतायचं. विहिरीच्या पाण्यानं धुताना कुरकुरायचं, कान पुसून झाले की पडवीत घोरायचं. समुद्र त्याला मानवला होता. त्याला पाण्यात उड्या मारताना बघून मी टाळ्या वाजवत होते, आणि आता बाबा इथंच राहणार म्हणून रडू येत होतं. आपणच मेहनत घेऊन आपल्या घरातली दोन माणसं कमी केली, असं सारखं मनात यायचं.

निघायच्या दिवशी पहाटेच मी माझी बॅग गाडीत टाकली. पिल्लाची वाटी, जाकीट, दोरी सगळं पडवीत मांडून ठेवलं. बाबा गाडीभोवती फिरत होते. चाकांतली हवा पाहिली, थर्मास पाहिला, कुठे थांबायचं ते मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मग वाटी आणि दोरी उचलून त्यांनी मागच्या सीटवर ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"पिल्लाला तू ने. एवढ्या लांब एकटी जाणार. घरीही कोण आहे?"

"काहीतरीच काय. तुमच्यासाठी तर त्याला तयार केलं." मी वाटी पुन्हा पडवीत आणून ठेवली.

त्यांनी ती उचलली. मी ती घेतली. पिल्लाला वाटलं खायला मिळणार, ते दोघांच्या मध्ये नाचायला लागलं. वाटी दोन-तीनदा गाडीत जाऊन परत आली आणि बाबा एकदम ओरडले, "पिल्लाचं पुरे! पिल्लाला ने, पिल्लाला ठेवा. मला कोणी विचारणार आहे की नाही?"

"तुम्हीच म्हणालात ना, कायमचं राहायचं म्हणून?"

"मी म्हणालो. तू एकदा तरी नको म्हणालीस? मी वाट बघत होतो. ही आपली टबात पाणी भरतेय, जाकीट आणतेय, रजा काढतेय. मला वाटलं, हिला घाईच झालीये."

मग जे खूप आधी बोलायला हवं होतं, ते मी आत्ता बोलले. "नका राहू, बाबा. मला ते घर खायला उठेल. चला माझ्याबरोबर."

"हं," ते म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसायला वळले. तेवढ्यात काका आतून बाबांची बॅग घेऊन आले आणि त्यांनी ती माझ्या बॅगेशेजारी ठेवली. "दादानं रात्रीच भरून ठेवलीन गो," ते मला म्हणाले. "म्हणाला, हिनं चल म्हटलंन तर असू दे."

मी रडत होते तरी मला राहवलं नाही. "एवढं ऐकायला त्या बिचाऱ्याला समुद्रात घातलंत?"

बाबा पिल्लाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावायला लागले. "बोलत बसू नकोस," ते म्हणाले. "गाडी काढ. ऊन चढायच्या आत घाट ओलांडू."