तलंग हाय

सिल्लोडच्या बाजारात कोंबडीची पिल्लं विकणारी एक बाई टोपलीतलं पिल्लू उचलून त्याचा पंख पत्त्यांसारखा उलगडायची. "पिसं लहानमोठी असली की तलंग, सारखी असली की कोंबडा," असं मलाही तिनंच शिकवलं. तलंग म्हणजे मादी, अंड्यांसाठी जपायची.

चैत्रात तिनं "तलंग हाय" म्हणून दिलेलं पिल्लू श्रावणात चक्क बांग द्यायला लागलं. मी तणतणतच बाजार गाठला.

"जित्ता हाय ना?" तिनं विचारलं.

"आहे की! पोरांना लळा लागलाय."

"मंग? कोंबडा म्हणले असते तर आखाडातच शिजला असता."

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. तिनं पंख उलगडला. पिसं अगदी सारखी होती.

"तलंग हाय," ती म्हणाली.

गिऱ्हाइकानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.