काकांचा मतदारसंघ

अंबरनाथच्या आमच्या चाळीत शेवटच्या खोलीतले काका नसते, तर आज मी ज्या खोलीत बसून हे लिहितोय ती मला मिळाली नसती, आणि खोली नसती तर उल्हासनगर कॅम्प एकमधलं शिलाईचं कामही टिकलं नसतं. उपकार आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जळफळाट बराच आहे. महाराष्ट्रातून लोकसभेत कोण, कधी आणि कुठल्या मतदारसंघातून गेलं, हे काकांनी जितकं मनाला लावून घेतलंय तितकं खुद्द गेलेल्यांनीही घेतलं नसेल.

आठवीत शाळा सोडून मी धाराशिवकडून इकडं आलो, तेव्हा सिंधी घरमालक ओळखीशिवाय खोली देईना. काका नळावर दात घासत होते. त्यांनी फक्त गाव विचारलं. मी सांगताच चूळ भरून सेठला म्हणाले, "सेठ, याच्या गावचा पहिला खासदार हैदराबाद राज्यातून गेला, मग मुंबई राज्यातून, मग महाराष्ट्रातून. गाव मात्र जागचं हललं नाही. असल्या गावचा पोरगा कुठं पळून जातो?" सेठ म्हणाला, "साईं, बात समझ में नहीं आई. पर आप बोलते हो तो रख लो." मला तरी कुठं समजली होती? पण जरा धीर आला. वाटलं, आपलं गावच एवढं फिरलेलं आहे, आपण काय घेऊन बसलोय.

काकांना माणसाचं आडनाव लक्षात राहत नाही, मतदारसंघ राहतो. समोरच्या वहिनी म्हणजे रत्नागिरी, इस्त्रीवाला म्हणजे नांदेड. राज्यसभेच्या एकोणीस जणांना ते घरातले धरत नाहीत. ते पाहुणे, त्यांची विचारपूस करायची, बस. अंबरनाथ पूर्वी ठाणे मतदारसंघात होतं, मग कल्याण वेगळा झाला. ही हकीकत काका अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, भावाभावांत वाटणी होऊन यांच्या वाट्याला मागची पडवी आली. आणि उत्तर प्रदेशाचा त्यांना मनापासून हेवा. आपल्या अठ्ठेचाळीस, त्यांच्या ऐंशी, हे त्यांना रोज सकाळी दूधवाला भैया दिसला की नव्यानं आठवतं. "आले ऐंशीवाले," असं म्हणून ते पातेलं पुढं करतात. भैया जौनपूरचा, स्वभावानं गार. एकदा म्हणाला, "ले लो काका दो-चार, हमारे यहाँ वैसे भी बहुत हैं." काकांनी दोन दिवस त्याच्याकडून दूध घेतलं नाही.

पण सगळ्यात जास्त हेवा त्यांना स्वतःच्या वडलांचा. पहिल्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार जात, एक सर्वसाधारण जागेचा, एक राखीव, आणि तिथल्या मतदाराला मतंही दोन. काकांच्या वडलांनी अशी दोन मतं दिली होती. "बापाला दोन आणि मला एक," काका म्हणायचे. "शिकलेला मी, कारखान्यात सुपरवायझर झालेला मी, आणि मतं दोन कुणाला? त्या अंगठेबहाद्दराला." हे ऐकायला रविवारी सकाळी त्यांच्या पायरीवर एकच माणूस असायचा, तो मी. मला अर्धं कळायचं नाही, पण चहा मिळायचा, आणि कुणीतरी माझी वाट बघतंय असं वाटायचं. या मुलखात तेवढी एकच जागा माझी होती.

त्या जागेवर भंडाऱ्याचा पोरगा येऊन बसला. वरच्या खोलीतला नवा भाडेकरू, बीए झालेला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "तुमचा पहिला खासदार कुठल्या राज्यातून?" पोरगा पटकन म्हणाला, "मध्य प्रदेशातून. आणि काका, पहिला नाही, पहिले. आमचा भंडारा दोन जागांचा होता." काका पायरीवरून उठून उभे राहिले. मी त्यांना सेठ आला तरी उठून उभं राहताना पाहिलं नव्हतं. म्हणजे मध्य प्रदेश, मुंबई, महाराष्ट्र अशी याचीही तीन राज्यं झाली, वर आजोबांची दोन मतं. माझ्या गावाचा भाव त्या सकाळी पार उतरला. पुढच्या रविवारी चहाचा मोठा कप त्याच्यापुढं होता. "तुला काय रे, साखर जास्त लागते ना?" काकांनी मला विचारलं. गेली चार वर्षं मी बिनसाखरेचा पितोय.

तशात काकांचा गुडघा गेला. मुलानं बदलापूरला, खरवईत, लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. तो न्यायला आला. काका ऐकेनात. "तिथं माझा खासदार बदलतो. इथं कल्याण, तिथं भिवंडी."

"पप्पा, पुढचंच स्टेशन आहे," मुलगा म्हणाला.

"स्टेशन पुढचं असेल. लोकसभेत दोघं वेगळ्या बाकांवर बसतात."

मी घाबरून सुचवलं, "काका, राहायला जा, पण मतदारयादीतलं नाव इथंच राहू द्या. माझं नाही का अजून गावाकडं?"

"तुझं मन तिकडं आहे, म्हणून तुझं नाव तिकडं," काका म्हणाले. "माझं मन इथं असलं तरी गुडघा तिथं जाणार. राहतो तिथंच मत द्यायचं." आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की बोलता बोलता आपण जायला तयार झालो.

लोखंडी कपाट मी वाहिलं. लिफ्टमध्ये ते मावलं नाही, म्हणून जिन्यानं. वर पोचलो तर भंडाऱ्याचा पोरगा मोबाइलवर काकांचं नाव भिवंडीला घालून मोकळा झाला होता, आणि काका नव्या शेजाऱ्यांना सांगत होते, "पोरगा लई हुशार." मी घाम पुसत उभा. मग सुनेला म्हणाले, "याला आधी पाणी दे. याला मागता येत नाही."

आता काका खरवईत रमलेत. लिफ्टमध्ये भेटेल त्याला गाव विचारतात. मला एकट्या भंडाऱ्याचा हेवा पुरायचा, आता अख्ख्या भिवंडी मतदारसंघाचा वाटतो. महिन्यातून एखाद्या रविवारी जातो, तेव्हा पायरीच्या जागी सोफा असतो आणि सोफ्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. परवा मात्र कुणी नव्हतं. बोलता बोलता काका म्हणाले, "संसद मी कधी बघितली नाही रे. कारखान्यात रजा मिळाली की गावाला जायचो." म्हणाले आणि टीव्ही लावला.

काका, मी नेईन तुम्हाला. खासदाराच्या शिफारशीनं आत बसून कामकाज बघायचा पास मिळतो म्हणतात. तो कुठं मागायचा हे मला अजून ठाऊक नाही, अर्ज भरायची भीतीही वाटते. पण विचारीन कुणाला तरी. भंडाऱ्याच्या पोराला सोडून.