फ्रेंच बाईंना चंदनाचा हार

लोक फ्रेंच चित्रांसाठी पॅरिस गाठतात. आम्ही बदलापूरकर, म्हणून उल्हासनगरला गेलो. व्हिसा लागत नाही, फक्त कंबर शाबूत लागते.

झालं असं, माझ्या भाचीनं, सईनं, अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच व्यक्तिचित्राची तैलरंगात नक्कल केली. मूळ चित्र काढणारी मुलगीही तेव्हा सईएवढीच, विशीतली. सईला बी.कॉम. सोडून चित्रकलेला जायचंय. तिचे वडील, म्हणजे माझा दादा, म्हणाला, "रविवारी अंबरनाथच्या प्रदर्शनात एक माणूस जरी या चित्रापुढे थांबला, तर विचार करू." दादाचा विचार म्हणजे नकारच, फक्त जरा उशिरा.

शनिवारी सकाळी चित्राला फ्रेम करून घ्यायला शेअर रिक्षा पकडली. चित्र मांडीवर, खाली खड्डे, मध्ये कुठेतरी रस्ता. उल्हासनगरात आधी दाल-पकवान खाऊन घ्या, पुढचं सोसायला बळ लागतं.

फ्रेमवाल्या शेठनी चित्र पाहिलं. पांढरे केस, गंभीर चेहरा. तिकडे तेव्हा तरुण पोरीही केसांना पावडर फासायच्या, हे त्यांना कोण सांगणार?

"आजी कब ऑफ हुई?"

"दोनशे वर्षं तरी झाली असतील," सई म्हणाली.

"ऐसे टाइम पे मजाक नहीं करते, बेटा."

संध्याकाळी फ्रेम कागदात गुंडाळून मिळाली. रविवारी शिवमंदिराजवळच्या हॉलमध्ये कागद फाडला, तर बाईंच्या गळ्यात चंदनाचा हार! तोही खिळे ठोकून, शेठतर्फे फुकट. सई रडायलाच लागली. मलाही रडू येत होतं, पण आत्याला ती सोय नसते.

देवदर्शन करून आलेली माणसं आत डोकावत होती. इतर चित्रांपुढे सेल्फी, आमच्यापुढे मात्र चपला काढून नमस्कार. एका आजींनी तर बेल वाहिला. दादा बाजूला उभा राहून सगळं बघत होता.

"डोळं बघा, आता बोलंल," आजी त्याला म्हणाल्या. "तुमची आई का?"

"नाही." दादानं सईकडे बोट दाखवलं. "माझ्या मुलीनं काढलंय."

आजींनी जोडलेले हात तसेच सईकडे वळवले.

बदलापूरला परतलो. प्रवासातून काय मिळालं विचाराल, तर कंबरदुखी आणि थोडी लाज. वर्षभर मीही सईला "छंद म्हणून कर" असंच सांगत होते.

जेवताना दादानं विचारलं, "त्या कॉलेजचा फॉर्म कुठे मिळतो?"

सई हात न धुताच उठली आणि फॉर्म घेऊन आली. सगळा भरलेला होता, महिन्यापूर्वीच. पालकांच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.