रस्त्याला नऊ, ट्रॅकला चार

लायल हुक्स्त्राच्या उजव्या पायाबद्दल आमच्या गावात जितकं बोललं गेलं तितकं कुणाच्या बायकोबद्दल बोललं गेलं नसेल. आणि हे मी अशा गावाबद्दल सांगतोय, जिथे दातांच्या डॉक्टरच्या बायकोने एकाच माणसाशी दोनदा लग्न केलं आणि दोनदा त्याच्याशीच काडीमोड घेतला.

लायलने डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीच्या चाचणी मैदानावर एकतीस वर्षं काढली. काम एकच. गाडी जोरात पळवायची आणि थांबवायची. किती फुटांत थांबली ते यंत्र सांगायचं. थांबताना पायाखाली काय झालं ते लायल सांगायचा. पेडल दगडासारखं होतं की ओल्या पावासारखं, पहिल्या इंचात पकडलं की तिसऱ्यात, सरळ थांबली की जरा डावीकडे झुकून, हे सगळं त्याचा तळवा सांगायचा आणि इंजिनिअर लोक लिहून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर तो बायकोला घेऊन कॉर्बिन लेकला आला, कारण इथे शर्यतीचा ट्रॅक होता आणि उन्हाळ्यात सहा शनिवार-रविवार आमचा क्लब तिथे गाड्या पळवायचा.

क्लब म्हणजे कोण, तर छपरं घालणारा नॉर्मन टिबेट्स, चीजच्या कारखान्यातला मुकादम, तो दातांचा डॉक्टर आणि असेच बाकीचे. सगळ्यांकडे नव्या मसल कार. पाचशे घोड्यांची ताकद, दोन टन वजन, आणि चाकात जेवणाच्या ताटाएवढ्या ब्रेकच्या डिस्क. या गाड्या दुकानासमोर सिग्नलला अशा थांबतात की मालकाला वाटतं, आपण जग जिंकलं. ट्रॅकवर मात्र दर मिनिटाला दोन टन पुन्हापुन्हा थांबवावे लागतात. पाचव्या फेरीला डिस्क लाल होतात, आणि सकाळचा तो सज्जन ब्रेक ओळख दाखवेनासा होतो. लायलला विचारलंत तर तो म्हणायचा, पहिल्या थांब्याला सगळ्याच गाड्या चर्चला निघालेल्या असतात.

म्हणून शुक्रवार. ट्रॅकच्या आदल्या दिवशी गाड्या लायलच्या गॅरेजपुढे रांगेत उभ्या राहायच्या. क्लबच्या नियमांत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण लायलने आकडा दिल्याशिवाय वेगवान गटात जायची कुणाची छाती नव्हती. बंद पडलेल्या लोणच्याच्या कारखान्यामागे दीड मैल सरळ रस्ता आहे. तिथे तो गाडी न्यायचा. ताशी साठ मैलांवरून दहावर, लगेच पुन्हा साठ, पुन्हा दहा. असं आठ वेळा. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेल्या डिस्कवर ब्रेकचा पॅड दाबून धरला की तिथे त्याचा डाग बसतो आणि मग गाडी थरथरत राहते. शेवटी खाली उतरून तो चाकाशी वाकायचा, वास घ्यायचा आणि दोन आकडे सांगायचा. एक रस्त्याचा, एक ट्रॅकचा. दहापैकी.

हे आकडे गावभर गेले. डॉक्टरच्या पहिल्या लग्नाबद्दल न्हाव्याच्या दुकानात ठरलं होतं, रस्त्याला नऊ, ट्रॅकला चार. नव्या पाद्रीबाबांना रविवारच्या प्रवचनासाठी सात आणि अंत्यविधीसाठी दोन मिळाले होते. नॉर्मनच्या सासूला कुणी आकडा दिला नाही. ती थांबतच नाही असं नॉर्मनचं म्हणणं.

लायल लबाडही होता बरं का. दहा गाड्या आल्या तरी एका वेळी एकच घ्यायचा, घाई कधी करायचा नाही. बाकीचे गॅरेजमध्ये बसून राहायचे. तो सकाळपासून मोठ्या भांड्यात बीन्स आणि खिमा घालून चिली शिजवत ठेवायचा, ती हे सगळे खायचे, एकमेकांच्या गाड्यांना आणि बायकांना नावं ठेवायचे. मला तर वाटतं, चिली संपेपर्यंत तो शेवटची गाडी मुद्दाम परत आणत नसे.

त्याची बायको इर्मा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा ॲरिझोनात, नाताळला फोन करायचा आणि तिकडच्या उन्हाबद्दल बोलायचा. सोमवार ते गुरुवार लायल काय करायचा हे मला किराणा दुकानातल्या थेल्माकडून कळलं. तो रोज यायचा आणि एकच बटाटा घ्यायचा. थेल्माने एकदा सांगितलं, पाच पौंडांची पिशवी स्वस्त पडते. तो म्हणाला, मग उद्या काय घेऊ?

तर हा पाय. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात लायल उजवा बूट काढून नुसत्या मोज्यावर गाडी चालवायला लागला. आम्हाला वाटलं, कला आणखी बारीक झाली, आता त्याला बुटाचा तळही आड येतो. महिन्याभरात अर्धा क्लब मोज्यांवर आला. दातांच्या डॉक्टरने तर खास पातळ रेशमी मोजे मागवले आणि पेडल आता कसं 'बोलतं' ते प्रत्येक रुग्णाला तोंड उघडं असताना ऐकवलं. खरं कारण होतं साखरेचा आजार. लायलच्या त्या पायातून जाणीव निघून चालली होती, आणि बूट काढला तर थोडीफार परत येईल म्हणून तो बिचारा बूट काढत होता. हे त्याने एकट्या वैद्यकीय डॉक्टरला सांगितलं होतं, आणि वैद्यकीय डॉक्टर हा आमच्या गावातला एकमेव माणूस आहे जो काही सांगत नाही.

मागच्या जुलैत रेनाटा व्होयचिक लायलच्या रांगेत आली. शेजारच्या गावच्या शाळेत बँड शिकवते, चाळिशीची, कमी बोलणारी. दोन वर्षं हळू गटात मुकाट्याने चालवली आणि आता तिला वेगवान गटात जायचं होतं. गाडी गर्द हिरवी, जुनीच घेतलेली. लायलने नेहमीसारखे आठ थांबे घेतले, खाली उतरला, चाकाशी वाकला, मग तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, रस्त्याला नऊ, ट्रॅकला आठ. ट्रॅकला आठ हा आकडा आमच्या क्लबात तेव्हापर्यंत चौघांना मिळाला होता. बाईने त्याला मिठी मारली आणि दोन वाट्या चिली खाल्ली.

शनिवारी दुपारी, लांब सरळ पट्टीच्या शेवटी, तिने पाय ठेवला आणि पेडल थेट खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, तरी तेच. गाडी वळण सोडून खडीत घुसली आणि टायरांच्या भिंतीवर आदळली. नाक चेपलं गाडीचं, आणि तिच्या खांद्याजवळचं हाड पट्ट्याने तडकलं. जिवावरचं टळलं.

आता चूक कुणाची? सकाळच्या फेरीनंतर तिने चाकाखाली लाकडाचा ठोकळा न लावता हँडब्रेक ओढला होता, हे चीजवाल्या मुकादमाने पाहिलं होतं. तापलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढणं म्हणजे आमच्यात जेवणाच्या टेबलावर नाक शिंकरण्यासारखं. झालं. नॉर्मन क्लबचा अध्यक्ष. त्याने संध्याकाळीच तिला या वर्षासाठी आणि पुढच्या वर्षासाठी बाहेर काढलं. हात गळ्यात अडकवून ती ऐकत होती. नाही म्हणाली नाही, कारण हँडब्रेक तिने खरंच ओढला होता, आणि वेगवान गटात नव्या आलेल्या माणसाला वाटतं की बाकीच्यांना सगळं कळतं.

कुणीही पाच मिनिटं शांत बसून विचार केला असता तर उमजलं असतं. हँडब्रेकने डिस्कवर डाग पडतो, गाडी थरथरते. पेडल जमिनीला जात नाही. पण लायलचे आठ होते ना. त्यामुळे गाडीत खोट असणं शक्य नव्हतं, म्हणजे खोट बाईतच. आम्ही सगळे असाच विचार करत राहिलो. मीसुद्धा.

लायल एकटाच तिच्या मोडक्या गाडीशी गेला आणि चाकाजवळचा स्क्रू सैल करून ब्रेकचं तेल एका काचेच्या बरणीत उतरवलं. रात्रभर राहिलेल्या चहासारखं काळपट. कित्येक वर्षं न बदललेलं. असं तेल तापलं की उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खचतं. एकदम नाही, सहाव्या थांब्याला बोटभर, सातव्याला आणखी थोडं. शुक्रवारी ते खचलंच असणार. चांगल्या पायाला ते कळलंच असतं.

रविवारी शेवटच्या फेऱ्यांनंतर सगळे जेवायला जमले. बटाट्याचं सॅलड, भाजलेले सॉसेज, थेल्माचा चेरीचा केक. लायल ती बरणी घेऊन आला आणि सॅलडच्या शेजारी ठेवली. म्हणाला, हे त्या बाईच्या गाडीतलं. तिला परत घ्या, तिची चूक नाही.

नॉर्मन म्हणाला, "अरे पण लायल, आठ तूच दिलेस ना तिला?"

"दिले. गाडीला नाही दिले. तिच्या तोंडाकडे बघून दिले."

लोक हसले. लायल कधीकधी असं कोरड्या चेहऱ्याने बोलायचा, त्यामुळे हसणं भागच होतं.

"हसू नका. नॉर्मन, जूनमध्ये तुला सात दिले. त्या दिवशी तू गप्प गप्प होतास, मला दया आली. डॉक्टर, तुला पाच दिले, कारण तू फार बोलत होतास. वर्ष झालं, या पायाला काही कळत नाही. उद्या याच्यावर हातोडी पडली तर आवाजावरून समजेल मला."

आता कुणी हसलं नाही. प्रत्येक जण मनात आपापला आकडा काढून बघत होता, आणि त्या आकड्यावर विश्वासून कुठल्या वळणाला किती उशिरा ब्रेक दाबला तेही. दातांचा डॉक्टर आपल्या रेशमी मोज्यांकडे बघत होता. त्यानेच विचारलं, "मग सांगितलं का नाहीस, लेका?"

"सांगितलं असतं तर शुक्रवारी आला असतात?"

"आलो असतो की," नॉर्मन म्हणाला. फार पटकन म्हणाला.

रेनाटा उठून आली. चांगल्या हाताने बरणी उचलली, उजेडात धरली, आणि तेलाकडे बघतच विचारलं, "माझ्या तोंडावर असं काय दिसलं तुम्हाला?"

"कुणीतरी एकदा चांगलं म्हणावं, अशी उभी होतीस."

तिने बरणी जागेवर ठेवली. जाऊन जेवणाच्या रांगेत उभी राहिली.

तिची बंदी त्याच दिवशी उठली. लायलला कुणी वाकडा शब्द बोललं नाही, हे आमच्या गावाचं मोठेपण. आणि त्याच्याकडे कुणी गेलं नाही, हेही आमचंच. क्लबाने एक पेटी विकत घेतली. काचेला चिकटवायची, आठ थांबे घ्यायचे, किती फूट लागले आणि शेवटच्या थांब्याला किती वाढले ते ती हिरव्या अक्षरांत सांगते. ब्रेकचं तेल जुनं झालं का ते तपासायला वेगळी सुई आली. पेटी खोटं बोलत नाही आणि चिलीही करत नाही. ऑगस्टच्या शुक्रवारी लायलने सवयीने मोठं भांडं चढवलं होतं म्हणे, आणि पुढचे नऊ दिवस तेच खाल्लं. थेल्माने हिशेब लावला, कारण नऊ दिवस तो बटाट्याला आला नाही. त्याच्या घरावरून जाताना आम्ही सगळे हात करायचो. रेनाटाची गाडी दुरुस्त झाली, ती वेगवान गटात आली. तीही हात करायची, पण थांबायची नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ट्रॅक बंद झाल्यावर मी गेलो. सुचेल ते निमित्त केलं, म्हटलं, ट्रकचे ब्रेक जरा बघ.

"अर्नी, तुझ्या ट्रकला मार्चमध्ये नवे पॅड टाकलेस," तो म्हणाला. "चल, बस माझ्या गाडीत."

उजव्या पायाने चालवायची नाही, असं वैद्यकीय डॉक्टरने बजावलं होतं. म्हणून लायलने आपल्या जुन्या सेडानमध्ये ॲक्सिलरेटरचं पेडल डावीकडे बसवून घेतलं होतं. आता सगळं डाव्या पायावर. उजवा पाय बाजूला, चांगला बूट घालून, पाहुण्यासारखा बसलेला. लोणच्याच्या कारखान्यामागच्या रस्त्यावर टायरच्या काळ्या रेघाच रेघा होत्या. मला वाटायचं, शाळेतली पोरं ओढतात.

पहिल्या थांब्याला माझं कपाळ काचेला लागता लागता वाचलं. चौऱ्याहत्तर वर्षांत त्या डाव्या पायाने ब्रेक कधी दाबला नव्हता; त्याला हळू म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं हेच काम केलेला उस्ताद आणि गाडी अशी अडखळत होती, जशी सोळा वर्षांच्या पोराने बापाची चोरून आणली असावी. मी चेष्टा करणार होतो, तोंडाशी आलंही होतं. पण तो रस्त्याकडे अशा नजरेने बघत होता की मी नुसता पट्टा घट्ट केला. तिसरा, चौथा. सहाव्याला जरा मऊ थांबली. वास यायला लागला.

आठव्याला त्याने वेग दहापर्यंत आणला आणि पाय पेडलवर हलकाच ठेवून गाडी तशीच सरकू दिली. डोळे बारीक करून.

"पेडल खाली गेलं का रे?" त्याने विचारलं. "बोटभर?"

हो म्हणायचं माझ्या जिभेवर होतं. हो म्हटलं असतं तर तो किती सुखावला असता ते मला दिसत होतं. असे तोंड बघून दिलेले आकडे मी जन्मभर लोकांना फुकट वाटत आलो आहे.

"मला कसं कळणार," मी म्हटलं. "पाय तुझा आहे."

त्याने मान हलवली. रस्त्याच्या टोकाला गाडी वळवली, ब्रेक निवेपर्यंत मैलभर नुसती हळू चालवली, आणि मग डावा पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर ठेवून पहिल्यापासून थांबे मोजायला लागला.