केळीची फणी आणि भाडेवाढ

घरमालक या जमातीबद्दल माझं मत लहानपणापासून वाईट आहे, आणि मी स्वतः घरमालक झालो तरी त्यात काडीचाही फरक पडला नाही.

धुळ्याला देवपुरात आमचं स्वतःचं घर आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला त्याला नवा रंग दिला. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तेवढी रंगाऱ्याला सोडायला लावली, कारण तिच्यावर आमच्या श्रुतीच्या दर वाढदिवसाच्या उंचीच्या रेघा होत्या. रंग वाळला आणि माझी जळगावला बदली झाली. (आमच्या खात्याला रंगाचा वास फार लांबून येतो!) मग धुळ्याचं घर भाड्याने दिलं आणि जळगावात भाड्याने घेतलं.

धुळ्याचा सगळा कारभार मी तिथेच राहणाऱ्या सासऱ्यांवर, म्हणजे नानांवर सोपवला. भाडेकरू त्यांनीच शोधला, कोणी शाळामास्तर; करारही त्यांनीच करून कपाटात ठेवला. "माझं नाव कुठे घेऊ नका," एवढं मी बजावलं होतं. त्याला कारण होतं. जळगावला ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही सगळे भाडेकरू रोज जमायचो आणि घरमालकांचा उद्धार करायचो. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा! मीच घरमालक आहे हे कळलं असतं, तर मला बिस्किटसुद्धा कोणी दिलं नसतं.

जळगावातलं आमचं घर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्कांच्या ताब्यात होतं. अक्का मूळच्या असोद्याच्या. "घर माह्या भाच्याचं आहे, पिंटूचं. तो बदलीच्या गावी असतो. मी आपली नुसती देखरेखीला," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. पिंटूला आम्ही कधी पाहिलं नाही. बाई प्रेमळ. शेतातून केळी आली की आमच्याकडे एक फणी ठरलेली.

अकरा महिने झाले आणि अक्का फणी घेऊन वर आल्या. फणी नेहमीपेक्षा मोठी होती.

"साहेब, कसं सांगू? पिंटूनं पाचशे वाढवायला सांगितलेत."

"अहो अक्का, पाचशे?"

"तो तरी काय करीन? त्याच्या घरमालकानं त्याचं वाढवलं. राक्षस आहे म्हणे मेला!"

आता अक्कांना नाही कसं म्हणणार? केळी खाल्ली आणि भाडं वाढलं. (त्याच्या आदल्याच महिन्यात मी धुळ्याचं भाडं पाचशेनं वाढवलं होतं. पण ती रीतीची वाढ. अकरा महिने झाले की वाढवतात.)

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी असा काही बोललो, की चहावाल्याने गॅस बारीक केला. "या घरमालकांमुळेच साध्या माणसाला शहरात राहणं परवडत नाही! एकाने वाढवलं की दुसरा वाढवतो!" लोकांनी माना डोलावल्या. तिथून उठलो, कोपऱ्यावर गेलो आणि नानांना फोन लावला.

"नाना, धुळ्याचं भाडं सहाशेनं वाढवा."

"आते ते वाढाडं व्हतं ना, जवाईबापू! मास्तर भला मानूस शे. त्याना पोऱ्या बारावीले जाई."

"माझी पोरगी पण दहावीत जाणार आहे. आणि माझा घरमालक राक्षस आहे त्याला मी काय करू?"

"मंग हाई वरनं शंभर कसानं?"

"फोनबिन करावे लागतात, नाना."

तीन महिने बरे गेले. मग फणी आली. सहाशे!

तिथून पुढे आमच्या घरात केळ्याची धास्ती बसली. जिन्यात अक्कांच्या चपला वाजल्या की मंगल, म्हणजे आमची ही, देवासमोर उभी राहायची. मी दर वेळी टपरीवर आग ओकायचो आणि दर वेळी कोपऱ्यावर जाऊन नानांना फोन करायचो. वरचे शंभर धरून.

नुसतं भाडं असतं तरी चाललं असतं. त्या थंडीत नानांनी सहज सांगितलं की मास्तरांच्या घरी दर रविवारी भरीत होतं, वास पार गल्लीपर्यंत येतो. माझ्या डोळ्यांसमोर नवा रंग उभा राहिला. "गॅसवर वांगी भाजायला बंदी करा. भिंती काळ्या होतात," मी फर्मावलं. आठवड्याभरात अक्का वर आल्या. या वेळी फणी नव्हती, नुसतंच उतरलेलं तोंड होतं.

"साहेब, पिंटू म्हणतो, वांगी भाजू नका."

मी खुर्चीतच बसलो. भर थंडीत, जळगावात राहून, भरीत नाही! "हा माणूस आहे की कोण आहे?" मी ओरडलो. "अशी अट कोणाच्या डोक्यात येते तरी कशी?" पुढच्या आठवड्यात मी चिडून धुळ्याच्या भिंतीला खिळा ठोकायला बंदी केली, आणि पंधरा दिवसांत आमचं कॅलेंडर दाराच्या कडीला लटकलं.

फेब्रुवारी उजाडला. श्रुतीची दहावीची परीक्षा महिन्यावर आली. आणि नेमकं तेव्हाच मास्तरांनी नानांना सांगितलं की आता आणखी वाढ झेपणार नाही. माझं डोकं फिरलं. मी ऑफिसातच बसून नोटीस टाइप केली. पंधरा वर्षं टिपण्या लिहिल्याचा अनुभव पणाला लावला. "सदर घर या महिनाअखेर रिकामे करून द्यावे. परीक्षा, लग्नकार्य, आजारपण इत्यादी सबबी विचारात घेतल्या जाणार नाहीत." नानांच्या मोबाइलवर पाठवून दिली.

"जवाईबापू, पोऱ्यानी परीक्षा शे हो," नाना म्हणाले.

"नियम म्हणजे नियम!"

चौथ्या दिवशी अक्का आल्या. हातात फणी नव्हती, अख्खा घड होता! सोबत त्यांचा पुतण्या, कारण त्यांच्याने तो उचलवेना. मंगल मटकन खाली बसली.

"साहेब, पिंटूले त्याच्या मालकानं घराबाहेर काढलं. तो आता इथेच येतो राहायला. त्यानं हे तुम्हाला दाखवायला सांगितलं," असं म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला.

मी वाचू लागलो. "सदर घर या महिनाअखेर रिकामे करून द्यावे. परीक्षा, लग्नकार्य, आजारपण..." श्रुती पुस्तक मिटून रडायला लागली. भर परीक्षेत पोरीला घेऊन जायचं कुठे?

"काय निर्दय माणूस आहे!" मी म्हणालो. "हे लिहिताना याचा हात कसा धजला?" (मसुदा मात्र मुद्देसूद होता, हे मनातल्या मनात मान्य करावं लागलं.)

"भाषा थेट तुमच्यासारखी वाटते," मंगल म्हणाली.

"सरकारी नोकरीत असेल. लावा अक्का, त्या पिंटूला फोन लावा! तोंड दिसेल असा लावा. आज सोक्षमोक्षच!"

पडद्यावर चष्मा लावलेला एक थकलेला माणूस आला. तो आल्याआल्या मी तोफ डागली. "लाज नाही वाटत? दहावीची पोरगी आहे माझी!"

"साहेब, माझा मुलगा बारावीला आहे," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी काय हौसेने करतोय? माझा घरमालक राक्षस आहे. त्याने पाठवलेली नोटीसच मी तुम्हाला पुढे पाठवली. मला असलं लिहिता येत नाही हो!"

"मग त्या राक्षसाला जाऊन भांडा की! माझ्या पोरीच्या—"

"पप्पा," श्रुती डोळे पुसत म्हणाली, "ती माझी उंची आहे."

"कसली उंची? मध्ये बोलू नकोस."

"त्यांच्या मागे. चौकटीवर."

मी बघितलं. पिंटूच्या मागे स्वयंपाकघराचं दार होतं, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या नऊ रेघा होत्या. मला काहीच कळेना. हा आमच्या घरात काय करतोय? हा जर आमच्या घरात, तर आम्ही कोणाच्या घरात? तेवढ्यात मागून हातात चहाचा कप घेऊन नाना आले आणि पडद्यात डोकावले.

"जवाईबापू! तुम्ही मास्तरले कसा वळखतस?"

मी घाईघाईने फोन उलटा धरला. पण आवाज थोडाच उलटा होतो!

"नाना," पिंटू मास्तरांचा आवाज आला, "हे तुमचे जावई? म्हणजे तो... ते?"

"हां, त्याच," नाना म्हणाले.

पुढची दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. "तुम्ही वाढवलं म्हणून मी वाढवलं!" "अहो, तुम्ही वाढवलं म्हणून मी!" श्रुतीने सरावाच्या वहीत काहीतरी मांडलं आणि मान वर केली.

"पप्पा, काका तर जेवढं वाढलं तेवढंच पुढे सांगत होते. मग दर वेळी वरचे शंभर कोण लावत होतं?"

अक्कांनी घडातलं एक केळं तोडलं आणि माझ्याकडे बघत स्वतःच खाल्लं.

नोटिसा फाटल्या. भाडं दोन्हीकडे पहिल्या दिवसाइतकं झालं. मास्तरांचा मुलगा धुळ्यात आणि आमची श्रुती जळगावात अभ्यासाला लागली. त्याच रविवारी दोन्ही घरांत वांगी भाजली गेली, आणि पोरीला पोटभर भरीत खाताना बघून माझे डोळे भरून आले. (धुराने नाही. खरंच.)

सोमवारी टपरीवर सगळे वाट बघत होते. "काय हो, त्या राक्षसाचं काय झालं?"

"भेटला. समजावलं त्याला."

"मग सुधारला का?"

"तो म्हणतो सुधारलो," मी चहाचा घोट घेत म्हणालो, "पण आमची बायको म्हणते, असल्या माणसाचा भरवसा नाही. पुढचे अकरा महिने त्याचा फोन तिच्याकडेच राहणार आहे."